कॉफीचा कोळसा

साहेब, तुम्ही एका शब्दाला कुलूप लावलंत. त्या शब्दामागे काय चाललंय हे बघायला शेडच्या आत पाऊलसुद्धा टाकलं नाहीत. दारातूनच वाचलंत, दारातूनच ठरवलंत आणि दारालाच लाख लावून गाडीत बसलात. तुमचं नाव मला माहीत आहे, पण लिहीत नाही. लिहिलं की म्हणाल, वैयक्तिक आकस आहे. माझा राग प्रदूषण नियंत्रणाच्या तुमच्या खुर्चीवर आहे. उद्या तुमची बदली झाली तर जो येईल त्याने हे स्वतःला लिहिलंय असं समजावं.

झालं काय ते पहिल्यापासून सांगतो, म्हणजे ज्याने चाकणजवळची आमची कुरुळी बघितली नाही त्यालाही कळेल.

आमच्याकडची अंगणवाडी जुन्या पंचायतीच्या खोलीत भरते. माझी बायको कस्तुरा तिथे सेविका आहे. खोलीला एक दार आणि एकच मोठी खिडकी. खिडकीसमोर, टेम्पो जेमतेम जाईल एवढी बोळ सोडून, शेखरचं पेंटचं वर्कशॉप. चाकणच्या कंपन्यांना लागणारी पत्र्याची झाकणं, पट्ट्या, कड्या असला माल तिथे रंगवतात. रंग म्हटला की थिनर आलं. थिनरचा वास भला मोठा पंखा लावून बाहेर फेकतात, आणि पंख्याचं तोंड बरोबर आमच्या खिडकीकडे. अंगणवाडी आधीची, वर्कशॉप नंतरचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ऐकणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.

पोरं वर्कशॉपला 'नेलपेंटची कंपनी' म्हणायची. सकाळी पंखा सुरू झाला की कस्तुरा खिडकी लावून घ्यायची. खिडकी लावली की खोलीत अंधार, उकाडा, आणि दाराच्या फटीतून वास यायचा तो येतच राहायचा. पोरं पेंगायची. एखादं खिचडी खाता खाता ओकायचं. आया म्हणायला लागल्या, "बाई, घरीच ठेवते. इथून आला की डोकं धरून बसतो." पोरं घटायला लागली. पर्यवेक्षिका मॅडम चांगल्या आहेत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, मुलं अशीच कमी होत गेली तर ही अंगणवाडी हायवेपलीकडच्या अंगणवाडीत जोडावी लागेल. आता कुरुळीच्या खोल्यांमध्ये राहणारे नवरा-बायको दोघं शिफ्टला जाणारे. कंटेनरच्या रांगेतून हात धरून पोर पलीकडे न्यायला कोण मोकळं आहे? जोडली म्हणजे बंदच झाली.

कस्तुरा शेखरकडे जाऊन आली होती. शेखर म्हणाला, "वहिनी, माझ्याकडे परवानगी आहे. फ्रेम करून लावलीय, बघा." खोटं बोलत नव्हता. फ्रेम खरंच होती, वर हारसुद्धा होता. शेखर वाईट माणूस नाही. त्याची मुलगी आधी कस्तुराकडेच यायची. मग वासाचा त्रास व्हायला लागला तसं त्याने तिला इंग्लिश मीडियमला घातलं.

आता आम्रपाली. ती माझी धाकटी बहीण. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, महाळुंग्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. तिथल्या पॅन्ट्रीत कॉफीचं मशीन. कप भरला की मशीन मागच्या डब्यात चोथ्याची टिक्की टाकतं, पणतीएवढी, ओली, काळी. दिवसभरात डबे भरतात आणि कचऱ्यात जातात. एक दिवस ती एक डबा घरी घेऊन आली आणि ओट्यावर ठेवला.

कस्तुरा म्हणाली, "हे काय? कंपनीने बोनस दिला?"

"वहिनी, ह्याचा कोळसा केला ना, तर तो वास धरतो."

घरात ती कोळसाच म्हणायची. लॅबमध्ये एक्टिव्हेटेड कार्बन, घरात कोळसा. हे ध्यानात ठेवा साहेब, कारण तुमचं सगळं घोडं इथेच अडलं.

"कोळसा वास कसा धरतो गं?" कस्तुराने विचारलं.

"साधा नाही धरत. बंद ड्रममध्ये, हवा न लागू देता भाजायचा. चांगला लालभडक झाला की त्यातून वाफ सोडायची. वाफेने कणाकणाला बारीक भोकं पडतात."

"म्हणजे अनारशाला जाळी पडते तशी?"

आम्रपालीने क्षणभर विचार केला. "तशीच. फक्त ही डोळ्यांना दिसत नाही. थिनरची वाफ त्या जाळीत जाऊन बसते आणि हवा तेवढी पुढे जाते."

"आणि जाळी भरली की?"

"परत भट्टीत. तापली की बसलेलं सगळं निघतं, ते बर्नरमध्येच जळून जातं. जाळी मोकळी."

कस्तुराने डब्यातली एक टिक्की उचलून चुरगाळली, हुंगली आणि मला म्हणाली, "टेम्पो रिकामा परत येतो ना तुमचा हिंजवडीवरून?"

अशी सुरुवात झाली. मी टेम्पो चालवतो. आयटी कंपन्यांत सकाळी माल टाकायचा, परत येताना मोकळा यायचो. आता चोथ्याची पिंपं घेऊन यायला लागलो. वॉचमन विचारायचे, "भाऊ, शेतात टाकता का?" मी म्हणायचो, खिडकीत टाकतो. त्यांना वाटायचं, डोक्यावर परिणाम झालाय ह्याच्या.

चोथा ओला असतो. पडून राहिला की बुरशी धरतो, म्हणून वाळवायला जागा पाहिजे. ती दिली लक्ष्मणरावांनी. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. जुने कुरुळीकर. जमिनी बऱ्याचशा कंपन्यांत गेल्या, उरलं एक खळं आणि त्याच्या कडेला पत्र्याची शेड. ज्वारी मळायची बंद होऊन जमाना झाला, पण तात्यांनी खळ्यावर ना बांधकाम केलं, ना पार्किंग. आम्रपालीने विचारलं तर म्हणाले, "वाळव की पोरी. खळं वाळवायलाच असतंय." आम्ही बौद्ध, ते गावच्या जुन्या पाटील घराण्यातले. गावात काही जणांनी पारावर टोमणा मारला, "काय तात्या, खळं कुणाला दिलं?" तात्या म्हणाले, "कॉफीला."

परवानगी आम्रपालीने रीतसर काढली होती. छोटा उद्योग, कॉफीच्या चोथ्यापासून एक्टिव्हेटेड कार्बन, गॅसवरची बंद भट्टी. तुमच्याच कार्यालयातून. मिळायला वेळ लागला, पण मिळाली. त्याबद्दल तक्रार नाही.

पहिला कोळसा निघाला तो भुकटी. पंख्यासमोर ठेवला असता तर उडून पोरांच्या तोंडाला फासला असता. आम्रपालीला दाणे पाहिजे होते. ती मशीनच्या किमती बघत बसली आणि तोंड पाडून आली. कस्तुराने स्वयंपाकघरातून सोऱ्या आणला. मैद्याची खळ शिजवली, वाळलेला चोथा त्यात घट्ट मळला, जाड शेवेची चकती लावली आणि खळ्यावर ताडपत्रीवर सोऱ्या फिरवला. काळीभोर शेव. वाळली, मोडली, भट्टीत गेली, निघाली ती खणखणीत.

तात्यांची सून बघायला आली. "अगं बया, कॉफीच्या कुरडया!" म्हणाली. दुसऱ्या दिवशी आपला सोऱ्या घेऊन हजर. मग आजूबाजूच्या बायका आल्या. खळ्यावर उन्हाळी वाळवणासारखा थाट. एकजण दुसरीला म्हणायची, "तुझी शेव जाड झाली, सासू नाव ठेवेल." दुसरी म्हणायची, "माझी सासू कॉफी पीत नाही."

शेखरच्याच वर्कशॉपमध्ये पत्र्याची पेटी केली. आधी रंगाचे थेंब अडवायला कापड, मग जाळीच्या खणांमध्ये आमचा कोळसा. ती पंख्याच्या तोंडाला बसवली. शेखर म्हणाला, "फुकट आहे तोवर माझी ना नाही." सरळ माणूस.

पेटी बसली त्या सकाळी पंखा सुरू झाला. कस्तुरा खिडकीपाशी उभी. कडी काढली, एक दार उघडलं, मान बाहेर काढून हुंगलं. मग दुसरं दार उघडलं. आत जाऊन पोरांना म्हणाली, "चला, आज चित्रं खिडकीपाशी बसून काढू." एका पोरीने बाहेर डोकावून विचारलं, "बाई, नेलपेंटची कंपनी गेली?"

हळूहळू पोरं परत यायला लागली. आया तोंडी एकमेकींना सांगत होत्या, तीच आमची जाहिरात. पर्यवेक्षिका मॅडम येऊन खिडकीपाशी बसून चहा पिऊन गेल्या आणि जोडण्याचा विषय त्यांनी काढला नाही. आम्रपाली दर काही आठवड्यांनी खण बदलायची, भरलेला कोळसा भट्टीत नेऊन मोकळा करायची. बस. ह्यात कुणाचं काय बिघडत होतं?

मग दुसऱ्या एका कार्यालयाचा माणूस आला. तुमचा नव्हे, पाट्या बघणारा. आमची पाटी इंग्रजी अक्षरांत होती. तो म्हणाला, पाटी मराठीत पाहिजे, ठळक अक्षरांत. बरोबरच आहे. मराठी मुलखात मराठी पाटी पाहिजे, ह्यात मला काही वावगं वाटलं नाही.

खळ्यावर बसून आम्ही नाव ठरवत होतो. आम्रपाली म्हणाली, "पुस्तकात त्याला सक्रिय कार्बन म्हणतात."

तात्यांनी तपकिरीची चिमूट हातातच धरली. "सक्रिय? सक्रिय तर पार्टीचा कार्यकर्ता असतोय. कोळसा कसा सक्रिय आसंल?"

"तात्या, पुस्तकी शब्द आहे तो."

"पुस्तक खळ्यावर येनार हाय का वाचायला? गिऱ्हाईक येनार हाय. काळा हाय, भट्टीतनं निघतोय, तू सोता कोळसा म्हन्तीस, तुझी वैनी कोळसा म्हन्तीय. मंग कोळसाच लिव्ह की."

आम्रपाली हसली. "कॉफीचा कोळसा?"

"व्हय. झ्याक हाय. आन् पाटी माझ्याकडनं."

तात्यांनी स्वतः पेंटर आणला, पिवळ्यावर काळ्या अक्षरांत पाटी रंगवून घेतली, पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि सगळ्या नातलगांना पाठवला. बायकांना नाव आवडलं. मलाही आवडलं. आपल्या भाषेत आपल्या वस्तूचं नाव, ह्यापेक्षा वेगळं काय पाहिजे?

आणि मग तुम्ही आलात.

कोळशावर, धुरावर कारवाई करायची मोहीम निघाली होती म्हणे. कुणीतरी जाता जाता पाटी वाचली आणि कळवलं, कुरुळीत कोळसा भट्टी चालते. तुम्ही दुपारी आलात. आम्रपालीची सुट्टी होती म्हणून ती होती, मी होतो, तात्या होते. भट्टी चालू होती आणि धुराड्यातून पांढरी वाफ जात होती.

"धूर," तुम्ही म्हणालात.

"वाफ आहे सर," आम्रपाली म्हणाली. "आत येऊन बघा ना."

तुम्ही पाटीकडे बघत होतात. "कोळसा कुठून आणता?"

"आणत नाही. बनवतो."

"म्हणजे लाकूड जाळता."

"लाकूड नाही सर. कॉफी."

तुम्हाला हसू आलं. तुमच्याबरोबरचा माणूसही हसला, साहेब हसले म्हणून. "कॉफी जाळता? इथे धड प्यायला मिळत नाही."

तिने परवानगीचा कागद आणून दाखवला. तुम्ही वाचला. एवढं मात्र कबूल करतो की वाचलात. मग बोट ठेवून म्हणालात, "ह्यात एक्टिव्हेटेड कार्बन आहे. पाटीवर कोळसा आहे. परवानगी एकाची आणि धंदा दुसऱ्याचा."

"सर, एकच वस्तू आहे. मराठीत त्याला…"

"मराठी मला शिकवू नका. मी मराठी शाळेत शिकलोय."

तात्या मध्ये पडले. "मंग साहेब, तुमी कार्बनला मराठीत काय म्हन्ता?"

तुम्ही म्हणालात, "कार्बन."

तात्या म्हणाले, "आन् कोळशाला?"

गॅस बंद करायला लावलात, भट्टी निवायचीही वाट बघितली नाहीत, शेडच्या दाराला कुलूप घातलंत, त्यावर कापड, कापडावर लाख. चिकटवलेल्या कागदावर लिहिलंत, 'कोळसा भट्टी'. जाताना दाराचा आणि पाटीखाली उभ्या तात्यांचा फोटो काढलात. शेडच्या आत कॉफीच्या चोथ्याची पिंपं होती, वाळलेल्या शेवेचे ढीग होते, वाफेचा पाइप होता. ह्यातलं काहीही तुमच्या नजरेला पडलं नाही, कारण तुम्ही पाटी वाचायला आला होतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुमच्या कार्यालयात गेलो. तुम्ही मीटिंगमध्ये होतात. टेबलावर एक बाई होत्या. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी आम्हाला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अहो, वाद घालू नका. कोळसा उगाळाल तेवढा काळाच निघणार. पाटी बदला. नियमात शब्द आहे सक्रिय कार्बन, तोच लिहा. मग पाहणीला माणूस पाठवतो, तो बघेल, सील निघेल."

सरळ वाटलं. आम्ही आलो, पेंटर बोलावला आणि त्याच पत्र्यावर पिवळा हात मारून 'सक्रिय कार्बन' लिहिलं. तात्या बाजूला उभे. "आता इलेक्शनला बी उभा करा त्याला," म्हणाले.

वाट बघता बघता तुमचा पाहणीवाला आला. तरुण मुलगा, नम्र, हातात टॅब. टॅबमध्ये तुम्ही त्या दिवशी काढलेला फोटो. फोटो समोर धरायचा, पाटीकडे बघायचं, परत फोटोकडे. असं बराच वेळ चाललं. मग म्हणाला, "ही ती जागा नाही."

आम्रपाली म्हणाली, "हीच आहे. हे बघा सील."

"फोटोत पाटी वेगळी आहे. कॉफीचा कोळसा. ही सक्रिय कार्बनची आहे."

"तुमच्याच ऑफिसने बदलायला सांगितली."

"ते मला माहीत नाही मॅडम. मला कोळसा भट्टीची पाहणी दिलीय."

तात्या जवळ गेले आणि टॅबवर बोट ठेवलं. "आरं बाबा, ह्यो पाटीखाली कोन हुबा हाय? मीच हाय की. टोपी बी तीच हाय. बघ."

पोराने तात्यांकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. "आजोबा, माणूस जुळतोय. पाटी जुळत नाही."

"आन् कुलूप?"

"कुलूप कोळसा भट्टीचं आहे. तुमच्या सक्रिय कार्बनच्या दाराला ते कसं आलं, ते मी कसं सांगू?"

तो वाईट बोलत नव्हता साहेब. त्याला खरंच कोडं पडलं होतं. त्याने आमच्या पाटीचा, दाराचा, शेडचा फोटो काढला, पाणी प्यायला आणि गेला.

आम्ही परत कार्यालयात. टेबलावरच्या बाईंनी आम्हाला बघताच हसून मान डोलावली. "अभिनंदन! रिपोर्ट आला. सदर ठिकाणी कोळसा भट्टी आढळून आली नाही. फाइल बंद झाली. तुमच्या बाजूने लागली की!"

मी म्हणालो, "मग कुलूप?"

"कुठलं कुलूप?"

"भट्टीला लावलेलं."

"अहो, भट्टीच आढळली नाही म्हटल्यावर कुलूप कुठून येणार?" मग त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी कपाळावर हात ठेवला. "अर्ज करून बघा सील काढण्याचा."

अर्ज दिला. घेतला नाही. सक्रिय कार्बनच्या भट्टीला सील लावल्याची नोंदच नाही, तर काढायचा अर्ज कशाचा? मी म्हणालो, जुनी पाटी परत लावतो, कोळसा लिहितो. बाई हळूच म्हणाल्या, "असं करू नका भाऊ. मग कोळसा भट्टी चालवता हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं होईल." तुम्ही त्या दिवशीही मीटिंगमध्येच होतात.

ह्या सगळ्यात पेटीतला कोळसा भरत होता. त्याला तुमच्या फायली कळत नाहीत. जाळी भरली की भरली. कस्तुराला पहिल्यांदा कळलं. घरी येऊन आम्रपालीला म्हणाली, "आज दुपारी बारीक वास आला." आम्रपालीने पेटी उघडून बघितली, खण वर-खाली केले, जरा दिवस निघाले. मग वास मोकळाच यायला लागला. भरलेला कोळसा मोकळा करायला भट्टी पाहिजे, आणि ती कुलपात.

शेखरने पेटी काढली. म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. आता वासही जातोय आणि हवाही अडतेय. आत माझे पेंटर गुदमरतात." त्याचंही खरंच होतं. "विकतचा आणून टाका म्हणू नका. ते मला झेपणार नाही."

"शेखरभाऊ, पेटी मोडू तरी नका," आम्रपाली म्हणाली.

"नाही मोडत. भिंतीला लावून ठेवतो."

पंखा परत उघड्या तोंडाने चालायला लागला. त्या पंख्याला तुमची परवानगी आहे. वास सोडायचा कागद फ्रेममध्ये, हार घालून. वास अडवायचा कागद आमच्याकडेही आहे, पण त्यातला शब्द तुमच्या सीलवरच्या शब्दाला जुळत नाही. कस्तुराने खिडकी लावली. कडी घट्ट बसेना, म्हणून जुन्या ओढणीची घडी फटीत कोंबली. आया परत दाराशी येऊन म्हणायला लागल्या, "बाई, काही दिवस घरीच ठेवते." पर्यवेक्षिका मॅडमचा फोन आला. ह्या वेळी त्यांनी चहाचं विचारलं नाही. महिनाअखेरीला त्या पट बघायला येणार आहेत.

परवा रविवारी आम्ही खळ्यावर बसलो होतो. ताडपत्रीखालच्या चोथ्याला बुरशी धरलेली, पांढरी-हिरवी. तात्यांच्या सुनेने सोऱ्या धुऊन परत नेला होता. तात्या गोठ्यातून पहार घेऊन आले आणि दारापाशी टेकवून ठेवली.

"जमीन माझी, शेड माझी, दार माझं. एक घाव. बास."

"नको तात्या," आम्रपाली म्हणाली. "सील तोडलं की गुन्हा. गुन्हा माझ्यावर लागेल, परवानगी रद्द होईल, आणि मग परत आयुष्यात मिळणार नाही. कंपनीतली नोकरीही जाईल."

"मंग माझ्यावर लावू द्या. मी म्हातारा. तुरुंगात तरी वेळेवर जेवन मिळंल, सून उशीर करती."

"तात्या, भट्टी माझ्या नावावर आहे."

कस्तुरा पुढे आली. ती म्हणाली, "आम्रपाली, तोड. मी सांगते तोड."

"वहिनी…"

"पोरं परत जायला लागलीत गं. एकदा पट बघून गेल्या की मॅडमच्याही हातात राहत नाही. मग तुझी भट्टी उघडली काय आणि न उघडली काय, खिडकीच राहणार नाही."

"मला कळत नाही का ते? पण गुन्हा दाखल झाला तर?"

"कशाचा गुन्हा? त्यांनीच लिहिलंय ना, इथे भट्टी आढळली नाही? जी भट्टी नाहीच, तिचं कुलूप तोडलं तर कुठल्या कलमात बसवतील?"

तात्या एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. कस्तुरा हसली नाही. ती कुलपाकडे बघत होती.

आम्रपाली म्हणाली, "वहिनी, तू म्हणतेस ते खरंही असेल. पण ते आपण ठरवून उपयोग नाही. त्यांच्या तोंडून यायला पाहिजे. दादा, तू लिहितोस ना काहीबाही? लिही. सगळ्यांना कळेल असं लिही. मॅडम यायच्या आधी."

तात्यांनी पहार उचलली नाही. तिथेच दाराला टेकून ठेवली आणि शेजारी पोतं टाकून बसले.

म्हणून हे लिहिलं. गोलगोल उत्तर मला नको. नवा अर्ज करा हेही नको, वरिष्ठांकडे पाठवलंय हेही नको. कुरुळीच्या खळ्यावरच्या शेडच्या दाराला आज, हे लिहीत असताना, एक कुलूप आहे, त्यावर लाख आहे आणि लाखेत तुमच्या कार्यालयाचा शिक्का आहे. तुमच्याच फायलीत त्या दारामागे काहीही नाही. तर ते कुलूप तुमचं आहे की नाही? तुमचं असेल तर चावी घेऊन या आणि महिनाअखेरीच्या आत काढा. तुमचं नसेल तर तसं सही करून द्या, पुढचं आम्ही बघतो. काय ते उत्तर द्या.